बापाची दाढी

"वस्तरा आहे तो, कुदळ नव्हे! एवढा दाबतोयस कशाला?"

भल्या सकाळी शेजारून म्हाताऱ्याचा आवाज आला आणि आम्ही ओळखलं, आज पुन्हा सुरू झालं. आमची आणि त्यांची भिंत एकच. तिकडे कुणी शिंकलं तरी इकडे कळतं. हे तर बाप-लेकाचं भांडण.

म्हाताऱ्याने चाळीस वर्षं गावाच्या दाढ्या केल्या. पेरणीच्या घाईत कुणाला गावात यायला सवड नसली तर हा पेटी घेऊन बांधावर जायचा. उन्हाळ्यात एका सकाळी उठला, तो उजवा हात लुळा पडलेला. पायही ओढत चालायची पाळी आली. जीभ तेवढी शाबूत राहिली. थोडी जड झाली, पण शिव्या द्यायला पुरत होती.

पंधरा दिवसांत दाढी वाढली. म्हातारा दारात बसेनासा झाला. कुणी भेटायला आलं की भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घ्यायचा. त्याच्याच हाताखाली शिकलेल्या एकाचं नाक्यावर दुकान आहे. तो आपणहून आला, तर म्हाताऱ्याने त्याला उंबरा ओलांडू दिला नाही. म्हणाला, "ज्याला वस्तरा कसा धरायचा ते मी शिकवलं, त्याच्यापुढे लुळा हात घेऊन मान वर करू? जा बाबा तू."

राहिला कोण? तर मुलगा. आणि तो गवंडी! पंधराव्या वर्षी बापाला सांगून बसला होता, "लोकांची थोबाडं धरायला माझा जन्म नाही." तेव्हापासून दोघांत कामापुरतंच बोलणं. पण बाप असा भिंतीकडे तोंड करून पडलेला त्याला बघवेना. एके दिवशी त्याने खुंटीवरची पेटी काढली.

"मी करतो तुमची दाढी."

"आधी स्वतःच्या तोंडावर शीक. मग माझ्याजवळ ये."

पहिल्याच दिवशी धार लावताना घोळ झाला. चामड्याच्या पट्ट्यावरून वस्तरा परतवताना तो पाठीवर उलटायचा असतो, याने उलटला धारेवर. तीस वर्षांचा जुना पट्टा मधोमध चिरला. म्हाताऱ्याने डोळेच मिटून घेतले.

"पट्टा मेला," एवढंच म्हणाला. शिवी दिली असती तर पोराला बरं वाटलं असतं.

मग मामंजींचा जीव शांत व्हावा म्हणून सुनेने नवऱ्याचा कमरेचा जुना पट्टा खिडकीच्या गजाला बांधून दिला. त्यावर रोज सकाळी खसाखसा चालायचं. साबणाचा फेस करायचा, आरशापुढे तोंड वाकडं करायचं, आणि पाठीमागून खाटेवरून हुकूम सुटायचे.

"कातडी ताण. डाव्या हाताने ताण. अरे, कानाकडे ओढ!"

"ओढतोय की!"

"केसांच्या ओघाने घे. उलटा कुठे चाललास?"

"बाबा, मला आरशात सगळंच उलटं दिसतंय!"

"मग आरसा फोड!"

हनुवटी कापली, ओठाचा कोपरा कापला, गालावर तर नांगरटच झाली. तुरटी लावली की हा जागच्या जागी उड्या मारायचा. एवढं करून खुंट होते तसेच. कामावर गेला की मजूर विचारायचे, "मिस्त्री, आज कुठल्या मांजराशी भांडलात?" वर ऊन, अंगावर सिमेंट, कापल्या जागी घाम. संध्याकाळी घरी येऊन त्याने दोनदा पेटी बंद केली. "जमत नाही मला. वाढू दे दाढी," म्हणाला.  बायको मात्र सकाळी पाणी गरम करून ठेवायची.

महिना गेला. एकदा तो गुरांच्या गोठ्याला गिलावा करत होता. शेवटचा हात फिरवताना नवा मजूर थापी दाबायला लागला. हा त्याच्यावर खेकसला, "दाबू नकोस रे! थापीला स्वतःचं वजन आहे, तिला जाऊ दे."

बोलला आणि तसाच थांबला. थापी खाली ठेवून घरी निघाला. मजुरांना वाटलं, मिस्त्रीला चक्कर आली.

भर दुपारी त्याने फेस केला. वस्तरा गालाला जेमतेम टेकवला, आडवा ठेवला आणि नुसता जाऊ दिला. खरवडल्याचा बारीक आवाज आला. खाटेवर म्हातारा मान उचलून बघू लागला. एक गाल झाला, दुसरा झाला. हनुवटीखाली रक्त आलंच, पण एकाच जागी.

"गरम पाणी आण," म्हातारा म्हणाला. "आणि उशी दे माझ्या मानेखाली."

सुनेने टॉवेल भिजवून सासऱ्याच्या तोंडावर ठेवला. दीड महिन्याची दाढी. आधी कात्रीने उतरवली, मग फेस.  गाल झाले, मिशीची कड सांभाळली. गळ्याशी आला आणि हात अडला.

"थांबलास का?"

"गळा आहे, बाबा."

"मला माहीत आहे. माझाच आहे तो."

"जमणार नाही मला. कापेल."

"कापला तर कापला. घे." म्हाताऱ्याने मान मागे टाकली आणि डाव्या हाताने स्वतःच कातडी खाली ताणून धरली. बापाचा आणि लेकाचा हात असा एका कामाला लागलेला आम्ही तरी कधी बघितला नव्हता.

उन्हं कलली तेव्हा म्हाताऱ्याला दारात खुर्चीवर आणून बसवलं. तोंड धुतल्या पातेल्यासारखं लख्ख, त्यावर तीन ठिकाणी कागदाचे चिकटवलेले तुकडे. गवंडी पाणी फेकायला मागच्या अंगणात गेला. तेवढ्यात समोरून गिरणीवाला आला, पिठाने पांढरा झालेला.

"काका! किती दिवसांनी! पण कानाखाली केसांची ही पट्टी तशीच राहिली की. कुठल्या आंधळ्याने केली?"

"पोराने केली माझ्या," म्हातारा म्हणाला. जड जिभेने, पण चार घरांत ऐकू जाईल असं. "वस्तऱ्याने केली. तुझ्यासारखं पत्तीचं खेळणं घेऊन नव्हे. मी केलेली पहिली दाढी याहून वाईट झाली होती. जा, दळण जळेल तुझं."

मागच्या अंगणात गवंडी रिकामं भांडं हातात धरून उभाच होता. अंगणाच्या बुटक्या भिंतीवरून आम्हाला दिसत होता. बऱ्याच वेळाने नाक ओढून आत गेला.

"पाणी फेकायला एवढा वेळ?" म्हातारा कडाडला. "वस्तरा ओलाच टाकून गेलास. गंजला म्हणजे? पूस तो आधी!"

"पुसतो," तो म्हणाला.