तपासणीच्या दिवशी दवाखाना चालू

तपासणीचं पथक येणार म्हटलं, की त्या सरकारी दवाखान्यातून आधी पेशंट बाहेर काढायचे. मग फरशी घासायची, नव्या चादरी अंथरायच्या, नर्सरीतून कुंड्या आणायच्या. नवरा-नवरी हाकलून मांडव सजवायचा, तसला प्रकार! गेल्या वर्षी असंच फाटक लावलं. गावातल्या साळूबाईच्या सुनेला, पंकजाला, कळा सुरू असताना परत पाठवलं. ती रस्त्यातच टेम्पोत बाळंत झाली. बाळ गेलं. दवाखान्याला मात्र बक्षीस मिळालं.

यंदा डॉक्टर दया साळवे प्रमुख म्हणून आल्या. ही हकिकत साळूबाईनंच त्यांच्या कानावर घातली आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुन्हा तपासणी ठरली. जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयातून वैजनाथसाहेबांचा फोन आला, "मॅडम, वॉर्ड रिकामा करा. गेल्या वर्षी मीच करून घेतला होता."

दयाबाईंनी काष्टीच्या बाजारात रिक्षावर भोंगा फिरवला. "तपासणीच्या दिवशी दवाखाना चालू राहील. कुणालाही परत पाठवलं जाणार नाही."

त्या दिवशी झुंबड उडाली. नेमक्या त्याच सकाळी पंकजाला पुन्हा कळा सुरू झाल्या. तिला घेऊन आलेल्या साळूबाईचे पाय फाटकाशीच अडले.

"बाई, आत घेत्याल न्हवं?"

"घेणार म्हणजे काय? चला!" दयाबाईंनी पंकजाला स्वतः धरून आत नेलं.

पथक आलं तेव्हा नव्या चादरी पंकजाखाली रक्तानं भिजल्या होत्या. वैजनाथसाहेब बुटांसकट प्रसूतीच्या खोलीत शिरले.

"अहो मॅडम, हा काय गोंधळ..."

"बाळंतपण आहे. तुम्ही आधी बाहेर व्हा," दयाबाई मान न वळवता म्हणाल्या. "इथं बुटांनी आणि न धुतल्या हातांनी कुणी येत नाही. साहेबसुद्धा."

पथकासमोर साहेबांना मागं फिरावं लागलं. चेहरा पार उतरला होता.

मुलगी झाली. खणखणीत रडली. हात धुऊन दयाबाई बाहेर आल्या, तर साहेब फणफणत उभेच.

"बक्षीस गेलं, मॅडम! तुमची बदली झाली तरी नवल नाही. याला जबाबदार कोण?"

"मी. लिहून देते," दयाबाई म्हणाल्या. "आणि गेल्या वर्षीच्या बाळाला जबाबदार कोण, साहेब?"

नातीला छातीशी धरून साळूबाई दारात आली होती. तीही उत्तराची वाट बघत उभी राहिली.