पाहुण्यांची पिठी

जयवंतच्या पत्राला श्यामकांतांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र आलं तेव्हा मुलुंडच्या बाजारात गणपतीची मखरं लागली होती. आता दुकानांत तिळगुळाचे डबे दिसायला लागले, तरी ते पत्र शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात तसंच पडून होतं.

पत्र छोटंच होतं. "शाम्या, तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितोय. तू पुस्तकी माणूस, कागदावरचं तरी वाचशील. त्या दिवशी न जेवता का उठून गेलास? निहारला फार लागलं. गुरुवारी मी आपल्या जागी जाऊन बसतो. चंद्रप्रकाश विचारतो, फॅमिली कुठे गेली? काय झालं ते एकदा सांग."

काय झालं ते याला खरंच कळलं नाही, की कळूनसवरून विचारतोय? श्यामकांतांना ठरवता येत नव्हतं. ठरवता न येणं हा त्यांचा जुना आजार. घाटकोपरच्या एका कॉलेजात ते ग्रंथपाल होते, आणि एखादं पुस्तक कुठल्या कपाटात लावायचं यावर सुद्धा त्यांचे दोन दोन दिवस जात.

'आपली जागा' म्हणजे भांडुप स्टेशनबाहेरचं एक परमिट रूम. खाली पिणाऱ्यांचा कल्ला, म्हणून हे दोघे म्हातारे जिना चढून 'फॅमिली रूम' अशी पाटी असलेल्या खोलीत बसत. तिथे कुठलीच फॅमिली कधी येत नसे. वेटर चंद्रप्रकाश त्यांनाच फॅमिली म्हणायचा. बँकेतून निवृत्त झालेला जयवंत बिअर घ्यायचा, श्यामकांत लिंबूसोडा. मग सुरमईची एक थाळी दोघांत आणि वर जास्तीचा भात, तोही जयवंतसाठी. तीसेक वर्षांच्या ओळखीत बोलायचं काम जयवंतचं आणि ऐकायचं श्यामकांतांचं, अशी वाटणी कधी झाली ते दोघांनाही आठवत नव्हतं.

ही वाटणी एकदाच मोडली. त्या गुरुवारी जयवंत दुसरी वाटी भात पानात उपडी करत म्हणाला, "काय रे शाम्या, तू कधीच दुसऱ्यांदा घेत नाहीस. माझी आई तुला किती आग्रह करायची, तरी तू आपला पानावर हात आडवा. पोटात जागा नाही की काय?"

आणि काय झालं कोण जाणे, श्यामकांत बोलले.

वडील अंथरुणाला खिळले त्या वर्षी त्यांच्या चाळीतल्या खोलीत बरेचदा कुळथाच्या पिठाशिवाय काही नसे. आई त्यात पाणी वाढवून वाढवून पिठी करायची. वाढण्याआधी तिघा भावंडांना सांगायची, "आज पाहुण्यासारखं बसा बघू. पाठ ताठ, मांडी नीट. आणि पाहुणा दुसऱ्यांदा मागत नाही." मुलांना तो खेळ वाटायचा. ती ताठ बसायची, एकमेकांना "घ्या ना, लाजू नका" म्हणायची, आणि वाढलेलं संपलं की पाहुण्यासारखी उठायची. पुढे बरे दिवस आले, पण घरात तिला नाव तेच राहिलं, पाहुण्यांची पिठी. धाकटा एकदा खेळ विसरला आणि त्याने वाटी पुढे केली. एवढं सांगून श्यामकांत थांबले होते. त्यांनी पेला उचलून पाणी प्यायलं होतं. आईने तेव्हा काय केलं, ते मग त्यांनी सांगितलं. तिने रिकामं भांडं कलतं करून धाकट्याला दाखवलं आणि हसली.

जयवंतने त्या दिवशी दुसरी बिअर मागवली नाही. जिना उतरताना श्यामकांतांच्या दंडाला धरून चालला. श्यामकांतांना वाटलं, आपण बोललो ते बरं केलं.

दोन वर्षांनी जयवंतच्या मुलाने, निहारने, साकीनाक्याला हॉटेल काढलं. जुन्या कारखान्याचा गाळा, त्यात पितळी दिवे, काळ्या पाटीच्या दगडाची टेबलं, एका बाजूला चकचकीत बार. उद्घाटनाला श्यामकांत इस्त्रीचा झब्बा घालून एकटेच गेले. शुभा तेव्हा बहिणीकडे गेली होती. निहारने वाकून नमस्कार केला आणि त्यांना भिंतीकडेचं टेबल दिलं. "काका, तुम्हाला गर्दी आवडत नाही ना, म्हणून इथे."

मेनूकार्ड जाड, खरखरीत कागदाचं होतं. छपाई सुबक होती, हे श्यामकांतांनी आधी पाहिलं. मग मजकूर वाचला. मधोमध, चौकटीत: 'आमच्या आजीची पाहुण्यांची पिठी'.

त्यांना आधी आनंदच झाला. परक्या गावात आपल्या आळीचा माणूस दिसावा तसा. मग 'आमच्या आजीची' हे शब्द नीट वाचले गेले.

तेवढ्यात पलीकडच्या लांब टेबलाशी जयवंत उभा राहिला. निहारचे गुंतवणूकदार, त्यांच्या बायका, कॅमेरा घेतलेली दोन तरुण माणसं तिथे बसली होती. "ही पिठी नुसती पिठी नाही बरं का," जयवंत म्हणाला. "माझी आई आम्हाला सांगायची, आज पाहुण्यासारखं बसा."

श्यामकांतांनी मान खाली घातली. जयवंत सगळं सांगत होता. ताठ पाठ, मांडी, लाजू नका. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. धाकट्याने वाटी पुढे केली तिथे जयवंतचा आवाज घोगरा झाला आणि तो थांबला. त्याने पेला उचलला, पाणी प्यायलं.

"आणि मग," तो म्हणाला, "आई हसायची आणि सगळ्यांना दुसऱ्यांदा वाढायची."

त्या शब्दाबरोबर मागे उभे असलेले वेटर छोट्या पितळी पळ्या घेऊन पुढे झाले आणि प्रत्येकाच्या वाटीत दुसऱ्यांदा पिठी वाढू लागले. टाळ्या पडल्या. एका बाईने डोळे टिपले.

श्यामकांतांच्या टेबलावर वाटी आली तेव्हा खुर्ची रिकामी होती.

शुभा बहिणीकडून परतल्यावर त्यांनी तिला पित्त झालं म्हणून न जेवता आलो, एवढंच सांगितलं. पुढचे कितीतरी दिवस ते स्वतःचीच उलटतपासणी घेत राहिले. जयवंतची आईसुद्धा असं म्हणत असेल कशावरून नाही? कोकणात घरोघरी ही पद्धत असेल. त्यांनी शब्दकोश पाहिले, वाचनालयात जाऊन कोकणी स्वयंपाकाची पुस्तकं चाळली. पाहुण्यांची पिठी कुठेच नव्हती. तरी शंका जाईना. जयवंतची आई देवगडची, आंब्याच्या बागा असलेल्या घरातली. तिच्या पंक्तीला श्यामकांत जेवले होते. ती वाढून वाढून माणसाला बेजार करायची. तरीही ते स्वतःला म्हणत, आपण सांगून टाकलेली गोष्ट आपली कशी राहील? आपण कोण मोठे लागून गेलो?

असं करत संक्रांत आली. त्या रविवारी शुभा तिच्या भाचीबरोबर, अबोलीबरोबर, बाहेर जेवायला गेली होती. परतली ती खुशीत होती. पर्स ठेवता ठेवताच बोलायला लागली.

"अहो, अबोलीने कुठे नेलं असेल सांगा. जयवंतभावजींच्या हॉटेलात. भावजी स्वतः आले टेबलाशी. तुमची आठवण काढत होते. म्हणाले, शाम्या माझ्यावर रुसलाय, कशावरून ते तुम्हीच काढून घ्या वहिनी."

श्यामकांतांनी पुस्तक मिटलं.

"आणि काय ती पिठी. नाव काय छान ठेवलंय, पाहुण्यांची पिठी. भावजींनी त्यांच्या आईची गोष्ट सांगितली. अबोलीची सासू तर रडायलाच लागली. मलाही भरून आलं."

"ती त्याची आई नाही," श्यामकांत म्हणाले.

"म्हणजे?"

"माझी आहे."

शुभा पंख्याचं बटण लावायला गेली होती, तिथेच उभी राहिली. श्यामकांतांनी खाली बघत, अडखळत, होतं ते सांगितलं. भांडं कलतं केल्याचंही सांगितलं.

"म्हणजे सासूबाई पुन्हा वाढत नसत?"

"कुठून वाढणार?"

ती येऊन त्यांच्यासमोर बसली. मग म्हणाली, "भावजींना हे तुम्ही सांगितलंत?"

"हो. एकदा."

"मला नाही सांगितलंत."

"तसा विषय..."

"चाळीस वर्षं रोज तुमचं पान वाढतेय. एकदा वाढलं की हात आडवा. मला वाटायचं, माझ्या हातचं आवडत नाही. सासूबाईंनाही विचारलं होतं मी. त्या म्हणाल्या, तो तसाच आहे, मनावर घेऊ नकोस." तिचा आवाज चढला नाही. "माझ्या सासूची गोष्ट मी अबोलीच्या सासूशेजारी बसून ऐकली. हॉटेलात. पापडाबरोबर."

जयवंतने आपलं काय नेलं याचाच हिशेब श्यामकांत इतके महिने करत होते. शुभाचंही त्यात काही गेलं असेल, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शुभाने कुळथाची पिठी केली. भात, पिठी, बाजूला भाजलेला सुका बांगडा. तिने एकदा वाढलं आणि भांडं दोघांच्या मध्ये ठेवलं. "लागली तर मागा," एवढंच म्हणाली.

पिठी दाट होती, लसणाची फोडणी खमंग बसली होती. श्यामकांतांचं पान रिकामं झालं. भांड्यात अजून होती. त्यांनी भांड्याकडे पाहिलं, शुभाकडे पाहिलं. रिकामी वाटी उचलली आणि पुन्हा होती तिथेच ठेवली. शुभा वाट बघत बसली. मग उठून तिने भांडं आत नेलं.

ते हात धुऊन टेबलाशी बसले. शब्दकोशातून जयवंतचं पत्र काढलं. पहिला कागद खोडाखोडीने भरला, दुसरा मायन्यातच फाडला. 'प्रिय' लिहावं की नाही इथेच ते अडत होते. शेवटी मायन्यात नुसतं नाव लिहिलं.

"जयवंत,

त्या दिवशी मी घरी पित्त झाल्याचं सांगितलं, ते खरं नव्हतं. तू पाणी प्यायला थांबलास म्हणून मी उठलो. मी जिथे थांबलो होतो तिथेच तू थांबलास.

तुझी आई माणसाला पोटभर वाढायची. मी तिच्या पंक्तीला जेवलोय. कार्डावरून तिचं नाव काढ, तिला ते शोभत नाही. त्या जागी माझ्या आईचं घालू नकोस. गोष्टही सांगू नकोस. माझ्या आईने दुसऱ्यांदा वाढलं नव्हतं. भांड्यात नव्हतं.

गुरुवारी मी येणार नाही. चंद्रप्रकाशला सांग.

हे मी एकदाच मागतोय.

श्यामकांत"

त्यांनी ते दोनदा वाचलं. 'एकदाच' खोडावं असं एकदा वाटलं, पण खोडलं नाही. चपला घालताना शुभाने आतून विचारलं, "कुठे निघालात?"

"पोस्टात. जयवंतला लिहिलंय."

ती दारापर्यंत आली. पाकिटावरचा पत्ता तिने वाचला आणि कोपऱ्यात सुटलेलं तिकीट अंगठ्याने दाबून बसवलं.

पोस्टाची पेटी रंग उडालेली होती, तिच्या तोंडात कुणीतरी जाहिरातीचा कागद कोंबला होता. श्यामकांतांनी आधी तो काढला, घडी करून खिशात ठेवला. मग पाकीट आत सोडलं.