कवितेचं शेपूट

आबांच्या हाताखालून गेलेली कविता कधी लांब राहिली नाही. लहान मुलांसाठी आणि मिसरूड फुटू लागलेल्या पोरांसाठी कवितांची पुस्तकं काढणाऱ्या एका छोट्याशा प्रकाशनात ते संपादक होते. कवी मंडळी त्यांना ‘कातरी’ म्हणत. तोंडावर नाही. तोंडावर ‘सर’ म्हणत आणि चहा पाजत. आबांना दोन्ही माहीत होतं आणि दोन्ही आवडायचं.

त्यांचा नियम सोपा होता. कविता एका पानात मावली पाहिजे. मूल कवितेच्या मध्यात पान उलटत नाही, ते पुस्तक पालथं घालतं आणि खेळायला जातं. त्यात पानावर चित्र हवंच. चित्रकाराला मांजरं काढायचा नाद, आणि मांजर एकदा ऐसपैस बसलं की ते उठायचं नाव काढत नाही, मग ओळींनाच उठावं लागतं. अशा वेळी आबा पेन्सिल घेऊन कवितेचं शेपूट उडवत. त्यांचं मत असं, की कवी सांगायचं ते सांगून मोकळा झालेला असतो, पण चपला घातल्यावरही दारात बोलत उभा राहतो. त्याला निरोप देणं हे संपादकाचं काम. थोरल्या पोरांच्या कवितांत तर चंद्र आणि एकटेपणा या दोघांपैकी एकालाच राहायची परवानगी होती.

छापण्याआधीची शेवटची परीक्षा घरी व्हायची. नात सात-आठ वर्षांची, एका जागी ठरत नसे म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणत. आबा जेवताना तिला एकदाच कविता वाचून दाखवत. दुसऱ्या दिवशी दात घासताना तिच्या तोंडून फेसाबरोबर ती बाहेर पडली, की पास. ‘पाहुणा’ ही कविता तर अशी पास झाली की आरशावर फेस उडाला.

ये रे पाहुण्या, आत ये,
खुर्ची माझी तूच घे.
भूक लागली? जेव ये,
थाळी माझी तूच घे.
झोप आली? नीज ये,
उशी माझी तूच घे.
हाक आली? ओ तू दे,
नाव माझं तूच घे.

याच्या पुढं आणखी दोन ओळी होत्या. पण त्या जागी मांजराची शेपटी आली होती, आणि ‘नाव माझं तूच घे’ इथं अंगावर कसा झकास काटा येत होता! घरी वाचून दाखवण्याआधीच आबांनी त्या दोन ओळींवर रेघ मारली होती. पुस्तक निघालं आणि बघता बघता संपलं. मुलांच्या कवितांचं पुस्तक खपलं, इथंच खरं तर कुणालाही शंका यायला हवी होती. आबांना आली नाही. त्यांना वाटलं, आपल्या कातरीचा गुण.

घरी भिंगरीनं आधी आपली खुर्ची दिली. जेवायच्या टेबलापाशी ती उभी राहून जेवायला लागली.

“बस ना गं,” सूनबाई म्हणाली.

“तिथं पाहुणा आहे.”

“बरं बाई. त्याला म्हणावं, पाय हलवू नकोस.”

“हलवत नाही तो. त्याचे जमिनीला टेकतात.”

सूनबाई हसली. आबाही हसले, पण खुर्चीखाली बघायचं त्यांनी टाळलं. मुलगा बदलीच्या गावी असायचा, त्यामुळे हसायला घरात एवढीच माणसं होती.

मग तिनं थाळी दिली. एक थाळी रिकाम्या खुर्चीपुढं मांडायची आणि पोरीनं आईच्या थाळीतून चिवडायचं, असं सुरू झालं. खेळच तो, म्हणून कुणी हटकलं नाही. खुर्चीपुढचं अन्न तसंच राहायचं. फक्त ते फार लवकर गार व्हायचं. इतरांच्या वाटीतून वाफ निघत असताना त्या वाटीवर साय धरल्यासारखा थर यायचा. मग उशी गेली. भिंगरी सकाळी जमिनीवर चटईवर सापडायची आणि पलंगावरच्या उशीला मधोमध खड्डा असायचा. सूनबाईनं उशी थोपटून नीट केली, तोंड धुऊन आली, तर खड्डा पुन्हा तिथंच.

“कापूस जुना झालाय,” आबा म्हणाले. ते आयुष्यभर कवींना अशीच कारणं देत आले होते.

एका दुपारी आबा आणि भिंगरी बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसून जुन्या पुठ्ठ्यांचं घर करत होते. सूनबाईनं स्वयंपाकघरातून हाक मारली, “भिंगरे!”

भिंगरीनं मान वर केली नाही. डिंकाचं बोट पुठ्ठ्यावर फिरवत राहिली.

आणि आतल्या खोलीतून उत्तर आलं, “ओ!”

आवाज भिंगरीचाच. तोच शेवटाला चढणारा, जरा लाडावलेला ओ.

“दूध पिऊन जा गं!”

“आले!” आतून आवाज आला. मग खोलीतून स्वयंपाकघराकडं पावलं गेली. भिंगरी कधी चालत जात नसे, पळत असे. ही पावलं सावकाश होती, चांगल्या वजनाची.

आबांनी समोर बसलेल्या पोरीकडं पाहिलं. “तू ओ का नाही दिलीस?”

“मला हाक नव्हती, आबा.”

“मग कुणाला होती?”

“त्याला. ते नाव आता त्याचंय ना. मी दिलं.”

“अगं, मग तुला काय म्हणून हाक मारायची?”

भिंगरीनं खरंच विचार केला. नाकाला डिंक लागेपर्यंत केला. “मारूच नका,” ती म्हणाली.

आबा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. पेला रिकामा होता. सूनबाई तो विसळत म्हणाली, “आज बघा आबा, एका दमात प्यायली. शहाणी झालीय अलीकडं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी जे दिसलं त्यानंतर आबांनी कारणं देणं बंद केलं. सूनबाई जेवायच्या टेबलापाशी, भिंगरीच्या त्या रिकाम्या खुर्चीमागं उभी होती. हातात फणी. फणी हवेतून खाली यायची, मध्येच अडायची, ती गुंता सोडवायची, पुन्हा फणी चालायची. “हलू नकोस गं,” ती लाडानं म्हणत होती, “किती दाट झालेत केस!” आणि भिंगरी दाराच्या चौकटीला टेकून, केस पिंजारलेले, हे सगळं बघत होती. तिनं आईला हाक मारली. आईनं वळून पाहिलं, पोरीच्या डोक्यावरून पलीकडं, आणि म्हणाली, “आबा, दार लावा बरं, वारा येतोय.”

आबांना पोर अजून दिसत होती. अख्खी कविता वाचलेले घरात ते एकटेच होते, म्हणून असेल. पण दारात उभ्या पोरीच्या कडा, ओल्या कागदावर छापल्यासारख्या, थोड्या पसरलेल्या त्यांना दिसल्या. असा छापा आला की आबा तो कागद फेकून देत. या वेळी त्यांनी पुढं होऊन पोरीचा हात घट्ट धरला.

कापलेल्या ओळी त्यांना आठवेनात. आपली पेन्सिलची रेघ लख्ख आठवत होती, तिच्याखाली काय होतं ते नाही. त्यांनी कवयित्रीबाईंना फोन लावला. बाई निवृत्त शिक्षिका, पोरांना गप्प बसवण्यात उभी हयात गेलेली.

“उडवलंत ना शेपूट?” नमस्कार व्हायच्या आधीच बाई म्हणाल्या.

“जागा नव्हती हो, बाई. मांजर आडवं आलं.”

“मांजर! आमच्या आईकडून आलेली कविता ती. आम्ही अंगणात खेळायचो. शेवट म्हटल्याशिवाय कुणाला जेवायला घेत नव्हती आई. तुम्हाला काय वाटलं, ताल जुळावा म्हणून होत्या त्या ओळी?”

“चुकलो. आता सांगा, काय होत्या?”

“लिहून घ्या. ‘खेळ झाला, घरी जा, माझं मला देऊन जा.’ ज्यानं दिलं त्यानंच म्हणायचं. खणखणीत.” मग बाईंनी विचारलं, “किती प्रती गेल्या?”

“सगळ्या.”

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

आबांनी भिंगरीला पुढ्यात घेतलं आणि ओळी म्हणून दाखवल्या.

“पुस्तकात नाहीत,” ती म्हणाली.

आबांनी पुस्तक उघडून मांजराच्या शेपटीवरच त्या लिहिल्या. “या बघ. आता आहेत.”

“हे पेन्सिलीनं लिहिलंय. छापलेलं नाही.”

“अगं, मी संपादक आहे या पुस्तकाचा!”

“म्हणूनच,” भिंगरी म्हणाली, आणि आबांना आयुष्यात पहिल्यांदा आपल्या पुस्तकांचा धाक किती आहे ते कळलं. त्यांनी विनवलं, दटावलं, खाऊचं आमिष दाखवलं. शेवटी ती नाइलाजानं खुर्चीपुढं उभी राहिली. “खेळ झाला, घरी जा,” ती म्हणाली, आणि अडली.

“पुढं म्हण, राणी. माझं मला...”

“माझं म्हणजे कुणाचं? तो विचारतोय.”

“तुझं!”

“मी कोण, असं विचारतोय. मला सांगता येत नाहीये, आबा.” तिचा आवाज पातळ होत चालला होता, शेजारच्या घरातून यावा तसा. “आणि जा कसं म्हणायचं? त्याला घर नाहीये. आपणच ये म्हटलं ना.”

पोरीचं बरोबर होतं. आठ ओळी ‘ये’ म्हणायचं आणि नवव्या ओळीला हाकलायचं, तेही इतक्या उशिरा, पाहुणा चांगला रुळल्यावर. कुठल्याही कवितेत हे खपलं नसतं. आबांनीच कापलं असतं. किंबहुना कापलंच होतं.

खुर्चीच्या गादीवर खड्डा पडलेला होता. तो आबांच्या दिशेनं जरासा झुकला, कुणीतरी ऐकायला पुढं वाकावं तसा.

आबांनी जन्मात एक ओळ लिहिली नव्हती. इतरांच्या ओळी त्यांनी पोत्यानं कापल्या होत्या, पण स्वतःची म्हणून जोडली नव्हती. ते खुर्चीसमोर गुडघे धरून कसेबसे बसले. घसा खाकरला. चाल तीच ठेवली, कारण पोरीला चाल मोडलेली चालत नसे, आणि बहुधा पाहुण्यालाही नसावी.

पोर दमली, सोड, ये,
जागा माझी तूच घे.

खड्डा भरून आला. गादी हळूच उसासा टाकत वर आली. आबांच्या पाठीवर गार हात टेकल्यासारखं झालं. धरायला नाही, आधारासाठी, म्हाताऱ्या माणसानं उठताना घ्यावा तसा.

“भिंगरे!” सूनबाई आतून ओरडली.

“ओ!” भिंगरी आबांच्या कानातच किंचाळली आणि पळत सुटली.

आतून सूनबाईचा आवाज आला, “अगंबाई, हा काय अवतार! केस बघ! आणि किती वाळलीस गं? जेवतेस की नाही?” आणि मग फणीचा हिसका, भिंगरीची बोंब, सूनबाईचा धपाटा. आबा जमिनीवर बसून ते ऐकत राहिले. इतकी चांगली कविता त्यांनी बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती.

उठायला त्यांना वेळ लागला. तोवर सूनबाई चहा घेऊन आली. ती आबांना वळसा घालून गेली, घरातल्या खांबाला घालतात तसा, अगदी सवयीनं. खिडकीजवळच्या त्यांच्या आरामखुर्चीपुढं तिनं कप ठेवला. “आबा, साखर कमी घातलीय,” ती रिकाम्या खुर्चीला म्हणाली.

“चालेल,” खुर्चीतून आबांचा आवाज आला.

तो आबांपेक्षा चांगला आवाज होता. मवाळ. सूनबाईच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. कपातली वाफ थांबली.

आबा भिंतीला धरून उभे राहिले. भिंगरी दोन वेण्या घालून दारात आली होती आणि सरळ त्यांच्याकडं बघत होती.

“दिसतोय ना गं मी तुला?”

“थोडे थोडे.” ती जवळ आली. मग हळू आवाजात म्हणाली, “आमच्या वर्गात सगळ्यांकडं आहे ते पुस्तक. काल हजेरीला दोघी जणी ओ देईनात. तरी त्यांच्या बाकावरून ओ आली, आणि बाईंनी हजेरी लावली.”

“मग असं कर. त्यांच्या घरी जाऊन मोठ्या माणसांना माझ्या दोन ओळी सांग. पोर दमली, सोड, ये...”

“सगळ्यांच्या घरी असतात आबा?”

आबांनी वळून पाहिलं. खिडकीपाशी त्यांचा चष्मा कुणीतरी नाकावर चढवला आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं.

“तू जा तर खरी,” आबा म्हणाले. “निघ लगेच.”

ती चपला पायात सरकवून जिन्यापर्यंत पोचली. तेव्हा त्यांना राहवलं नाही. नुसतं बघावं म्हणून त्यांनी हाक मारली, “भिंगरे.”

“ओ!”

“कुणाला ओ देतेस गं?” सूनबाईनं आतून विचारलं.

“आबांना.”

सूनबाई पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं खिडकीकडं पाहिलं.

“काहीतरीच तुझं,” ती म्हणाली. “आबा तर केव्हाचे पेपर वाचतायत.”