ताईची फाइल

“बोलू नकोस, नुसती मान हलव. हो असेल तर अशी, नाही असेल तर अशी.” शेजारच्या काकूंनी दोन्ही प्रकार करून दाखवले.

सूनबाईने मटारची शेंग फोडली, दाणे पातेल्यात पाडले आणि मान तसूभरही न हलवता म्हणाली, “काकू, मला खरंच माहीत नाही.”

“असं कसं? सगळ्या गावाचे पगार तुझ्या ऑफिसात येतात ना? मला फक्त एवढंच सांग, तो वरच्या मजल्यावरचा नवा भाडेकरू विमान कंपनीत साहेब आहे, की नुसत्या बॅगा चढवतो?”

“पगार ऑफिसात येतात काकू, माझ्या मांडीवर येऊन बसत नाहीत.”

आई, म्हणजे सूनबाईच्या सासूबाई, हसता हसता शेंगा निवडायच्या थांबल्या. “सोडा हो तो नाद. आमच्या मुलाने हिचं नाव तिजोरी उगाच नाही ठेवलेलं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, हिच्या सख्ख्या भावाला काय मिळतं ते अजून मला कळलं नाही!”

“तुम्हाला कशाला हवंय, आई?”

“नकोच आहे. पण सुनेने सांगायला काय हरकत होती?”

काकू हिरमुसून गेल्या, जाताना मूठभर मटार मात्र घेऊन गेल्या.

सूनबाईचं काम होतंच असं चमत्कारिक. कुणी कर्ज मागितलं, कुणी घर भाड्याने घ्यायला निघालं, की समोरचा विचारणारच: हा माणूस सांगतो तिथे खरंच कामाला आहे का, आणि पगार सांगतो तेवढाच आहे का? पूर्वी याचं उत्तर त्या त्या कंपनीतला कारकून देई. आता कंपन्यांनी ते झेंगट बाहेर देऊन टाकलं होतं आणि पैसे घेऊन ते सांभाळणारं ऑफिस म्हणजे हिचं. मोबाइल दाराशी कप्प्यात ठेवायचा, पर्स बाहेर, कागद-पेन बाहेर. आत गेलं की एकेक फाइल उघडायची. ज्याची माहिती आहे त्याने परवानगी दिली आहे ना, हे आधी पाहायचं. दिली नसेल तर त्याला फोन करून विचारायचं. मगच उत्तर धाडायचं. नवी असताना ती लोकांचे पगार वाचून थक्क व्हायची. आता घरी येऊन छकुलीला उचलून घेतलं, तिच्या मानेचा तो दुधाचा वास नाकात शिरला, की दिवसभरातले सगळे आकडे आपोआप पुसून जात.

मटार सोलले त्याच्या दुसऱ्याच दिवशी पडद्यावर एक फाइल उघडली आणि तिचा हात चटका बसावा तसा माऊसवरून उडाला.

नाव ताईचं होतं.

ताई म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. चष्म्याच्या काचा बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होती. लग्न केलं नव्हतं, करायचंही नव्हतं. घरातली आतली छोटी खोली तिची होती. छकुली झाल्यावर पाळणा कुठे ठेवायचा असा प्रश्न आला, तेव्हा ती आपणहून गादी उचलून बाहेरच्या खोलीत आली, आईंच्या कॉटशेजारी. आणि आता घरं भाड्याने देणारी एक एजन्सी तिच्याबद्दल विचारत होती. एक खोली, स्वयंपाकघर. राहणार एकच माणूस.

ओळखीच्या माणसाची फाइल आली तर ती वाचायची नाही, लगेच वरच्या मॅडमकडे द्यायची, असा नियम होता. ती उठलीच. पण उठता उठता डोळ्यांनी जे टिपायचं ते टिपलं. परवानगीचा रकाना रिकामा होता, आणि फोनच्या रकान्यात आईंचा नंबर होता. ताई नोकरीला लागली तेव्हा घरात एकच मोबाइल होता आणि तो आईंच्या कमरेला असे. ताईने तोच लिहून दिला, पुढे बदलायचं राहून गेलं.

“मॅडम, ही माझ्या घरची आहे. दुसऱ्या कुणाला द्या.”

“दे इकडे.”

“आणि यातला नंबर त्यांचा नाही. त्यावर फोन नका लावू. कंपनीकडून नवा मागवा.”

“फाइल तू वाचलीस?”

“नाही. तो नंबर मला पाठ आहे.”

मॅडम घड्याळाकडे बघत म्हणाल्या, “बरं बरं, बघते.” आणि फाइल गेली एक्सप्रेसकडे. त्या पोराचं नाव एक्सप्रेस पडलं होतं, कारण त्याचं बोट नंबरावर आधी पडे आणि डोळे सूचनांवर नंतर.

घरी परतताना सूनबाईच्या डोक्यात तेच होतं. ताईने घरात चकार शब्द काढला नव्हता. आता एखादा परका आवाज आईंना सांगणार, तुमची मुलगी वेगळं घर घेतेय. आईंना वाटणार, सून आली, नात आली आणि माझी मुलगी उंबऱ्याबाहेर गेली. आणि तसं नव्हतंच म्हणून छातीठोकपणे सांगायला सूनबाईला तरी कुठे खात्री होती? गादी बाहेर गेली होती, हे तर खरंच होतं. ताईला गाठून सावध करावं, असं दहादा मनात आलं. पण फाइलमधलं बाहेर न्यायचं नाही म्हणजे नाही. ते काकूंना जेवढं लागू, तेवढंच ताईलाही.

संध्याकाळी आईंचा फोन वाजला. सूनबाईने हातातली वाटी ठेवून डोकावून पाहिलं. मावशींचा होता. पुन्हा वाजला. कुणीतरी विमा विकत होतं, आणि आईंनी त्याला त्याच्या आईची तब्येत विचारून जेरीस आणलं. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा आई छकुलीला मांडीत घेऊन तिची नखं कापत होत्या.

“उचल गं, नाहीतर हिचं बोट कापेन मी.”

सूनबाईने नंबर पाहिला. तिच्याच ऑफिसचा.

“नमस्कार, आपण अमुक बाई बोलताय का? आपल्या घरभाड्याच्या—”

“थांबा,” ती म्हणाली. “आधी कोण बोलतंय ते ऐका. उत्तर येईपर्यंत कामाचं नाव काढायचं नसतं.”

पलीकडच्याने आवाज ओळखला. मग एकदम, “अगं, तू? तू कशी काय—”

“हा नंबर त्यांचा नाही. तशी नोंद करा. कंपनीकडून नवा मागवा आणि पुन्हा इथे लावू नका.”

“हो,” एक्सप्रेस म्हणाला, आणि जरा थांबून, “मॅडम.”

छकुलीच्या करंगळीवर कात्री धरून आई बघत होत्या. “कोण होतं?”

“माझं ऑफिस.”

“मग माझ्या फोनवर?”

“चूक झाली त्यांची.”

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तरी सूनबाईचे कान तापले. आईंनी आणखी काही विचारलं नाही, आणि न विचारण्याची त्यांची सवय नव्हती. त्या रात्री जेवताना त्यांनी सुनेला भाजी वाढली, पण तिच्याकडे न बघता.

दुसऱ्या दिवशी ताई कामावरून आली ती चपला न काढता थेट ओट्यापाशी. “आज आमच्या ऑफिसातून निरोप आला, माझा नंबर चुकलाय म्हणून. ते काम तुमच्याकडे असतं?”

सूनबाई कुकरचं झाकण घासत राहिली. “ताई, मला काही विचारू नका.”

“काल आईच्या फोनवर…”

“ताई, पाया पडते.”

ताई तिच्याकडे बघत राहिली. मग एकाएकी मऊ आवाजात म्हणाली, “तुला वाटलं असेल, छकुलीमुळे.”

आता मात्र झाकणावरचा हात थांबला. बोलायचं नव्हतं, पण डोळ्यांना कोण नियम लावणार? ताईने ओढणीच्या टोकाने तिचा गाल पुसला, वर म्हणाली, “साबण लागला होता,” आणि चपला काढायला बाहेर गेली.

जेवणं झाल्यावर ताईने सांगून टाकलं. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे सूनबाईचा नवरा, पाण्याचा पेला तोंडाशी नेता नेता थांबला. आईंनी आधी ताईकडे पाहिलं, मग सुनेकडे.

“हिच्यामुळे?”

“नाही, आई. हिच्यामुळे तर दोन वर्षं जास्त राहिले. मला रात्री दिवा चालू ठेवून वाचायचंय. सकाळी उठून कुणाशी एक शब्द न बोलता चहा प्यायचाय. एवढंच.”

“एवढ्यासाठी भाडं भरणार? मी नाही बोलणार सकाळी!”

“तू?” भाऊ म्हणाला. “आई, तू झोपेत बोलतेस.”

ताईला हसू फुटलं. आईंनाही फुटणार होतं, पण त्यांनी ते रागाने मागे रेटलं. “हसू नका. सांगायला इतके दिवस का लागले?”

“तू रडशील म्हणून.”

“मग? रडणारच. माझी मुलगी आहेस.” आणि त्या खरोखरच रडल्या, पदराने नाक पुसत, मधेच त्या घराला पाणी चोवीस तास आहे का याची चौकशी करत.

नंतर भांडी आवरताना आई सुनेजवळ आल्या. “तुला ठाऊक होतं.”

 पातेलं पुसून झालं होतं, तरी सूनबाई पुसत राहिली.

“नको सांगू. मीच सांगते. काल त्या फोनवाल्याने मला सांगितलं असतं ना, तर मी त्याच्यापुढे म्हटलं असतं, हो हो, मला माहीत आहे. आणि मग उभा जन्म माहीत असल्यासारखंच दाखवत बसले असते. आज तिने सांगितलं, म्हणून निदान रडता तरी आलं.” त्यांनी सुनेच्या हातातून पातेलं काढून घेतलं. “भोक पडेल त्याला.”

पहिल्या तारखेला ताईचं सामान गेलं. सगळं मिळून एका टेम्पोत मावलं, उरलेल्या जागेत भाऊ बसला. ताईचं नवं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. खिडकीतून समोरच्या शाळेचं मैदान दिसे. आईंनी नळ सोडून पाहिले, खिडकीच्या कड्या ओढून पाहिल्या, भिंतीला हात लावून ओल आहे का बघितलं आणि कुठेच नाव ठेवायला जागा मिळाली नाही, तेव्हा जिना फार उंच आहे म्हणाल्या.

दुपारी त्यांना आठवलं, मिरच्या आणायच्या राहिल्या. कुणालाही पाठवू न देता त्या स्वतःच खाली उतरल्या.

सूनबाई छकुलीला घेऊन जमिनीवर बसली होती. ताई खोक्यातून पुस्तकं काढत होती. दार वाऱ्याने सताड उघडलं होतं, आणि जिन्यात आईंची पावलं ऐकू आली. सावकाश, मजल्यामजल्यावर दम घेत. मग त्या दारात दिसल्या, हातात मिरच्यांची पुडी, कपाळावर घाम. आत पाऊल टाकायला त्यांना कुणी अडवलं नव्हतं.

त्या बाहेरच थांबल्या. केस नीट केले. आणि उघड्या दारावर बोटाने हलकेच दोनदा टकटक केली.

“ये ना, आई,” ताई म्हणाली.

मग त्या आत आल्या.