जवादची आधीची गाडी

जवाद बोलायला उशिराच लागला, आणि लागला तो गाड्यांविषयीच. त्याच्या बापानं, नझीहनं, टॅक्सी दारात उभी केली की हा धावत जायचा, किल्लीवर इवलासा हात ठेवायचा आणि ओरडायचा, "बंद नको करू! तिला दम खाऊ दे!"

"अरे माझ्या राजा, ही डिझेलची म्हातारी आहे," नझीह हसायचा. "हिला रोज मीच दम देतो, तेव्हा कुठे बैरूतपर्यंत जाते."

त्याच्या आईला, हनादीला, मात्र हसू यायचं नाही. तिच्या भावाकडून तिनं ऐकलं होतं की शर्यतीची टर्बो गाडी पळून आली की लगेच बंद करायची नसते. आत सगळं लालबुंद तापलेलं असतं, दोन मिनिटं तशीच सुरू ठेवायची. त्या वर्षांत डोंगरातल्या पोरांना दुसरं काही सुचतच नव्हतं. बंदरावर जपानी गाड्या उतरायच्या, मागे भलामोठा पंख लावलेल्या, आणि दर रविवारी कुठल्या ना कुठल्या घाटात चढणीची शर्यत असायची. पण त्यांच्या गल्लीत तसली गाडी नव्हती. आणि पुरती चार वर्षांचीही न झालेल्या पोराला हे कोण शिकवणार?

एका दुपारी ती त्याला मसूर-भात भरवत होती. घास गिळून तो अगदी सहज म्हणाला, "माझी निळी होती. मी झाडात गेलो."

हनादीचा चमचा हवेतच राहिला.

पुनर्जन्म मानणाऱ्या द्रुझ पंथाच्या घरात जन्मलेल्या बाईला याहून जास्त सांगावं लागत नाही. आत्मा थांबत नाही. इथे एक कुडी पडते, तिथे त्याच घटकेला दुसरी रडत बाहेर येते. बहुतेक सगळे विसरून जातात. एखादंच लेकरू लक्षात ठेवतं आणि बोलतं. मग त्याची आधीची माणसं येतात, पारख करतात, आणि पटलं की त्या लेकराला दोन घरं होतात, दोन आया होतात. सणाला इथे, आजारपणात तिथे. लोक याला भाग्य म्हणतात. हनादीची आधीची दोन बाळं पोटातच गेली होती. जवादच्या वेळी तिनं नऊ महिने श्वासदेखील जपून घेतला होता. तिला वाटेकरी नको होती.

"असं पुन्हा बोलायचं नाही हं," तिनं त्याचं तोंड पुसत सांगितलं. "कुणाजवळ नाही."

पण शेजारची उम्म फादी, म्हणजे फादीची आई, 'माते' नावाच्या कडू चहाचा पेला हातात घेऊन दारातच उभी होती. नळी ओठांतून न काढता ती म्हणाली, "अगं, देवानं बोलणारं मूल दिलंय, आणि तोंड असं करून बसलीस जशी काही दुधात माशी पडली!"

"तुम्ही काही ऐकलं नाहीत, मावशी."

"मी? मी तर बहिरी आहे," उम्म फादी म्हणाली, आणि आठवड्याच्या आत दरीपलीकडच्या गावापर्यंत बातमी गेली.

त्या गावाची उम्म रमझी आली ती काळ्या पोशाखात, डोक्यावरून पांढरीशुभ्र ओढणी घेऊन. जवाद ज्या शरद ऋतूत जन्मला, त्याच शरदात तिचा मुलगा रमझी चढणीच्या शर्यतीत गावाजवळच्या वळणावर जिवानिशी गेला होता. धुक्यात वळणाचा अंदाज चुकला, असं सगळा डोंगर म्हणत होता. तीही तेच म्हणाली.

"मी घराच्या गच्चीवर होते. भोंगा वाजवत शर्यतीच्या पुढची गाडी गेली, रस्ता बंद झाला. त्यानंतर मांजरही रस्त्यावर येऊ देत नाहीत, तुला ठाऊक आहे. मी नुसता आवाज ऐकला." तिनं हनादीचा हात धरला. "उम्म जवाद, मी तुझं लेकरू हिसकायला आले नाही. पण माझाच असेल, तर मला नाही म्हणू नकोस."

नाही कसं म्हणणार? रीतच तशी आहे.

शुक्रवारी निघाले. वाट लेकरानंच दाखवायची असते, म्हणून प्रत्येक फाट्यावर नझीह विचारायचा, "बोला सरदार, कुठं?" आणि जवाद बोट दाखवायचा. हनादी मनातल्या मनात म्हणत होती, चूक रे बाळा, एकदा तरी चूक. तो चुकला नाही. गावाच्या अलीकडे एक तीव्र वळण लागलं, कडेला साल सोललेला एक देवदार उभा होता. तिथे जवादनं तिच्या छातीत तोंड खुपसलं, आणि ते मागे पडेपर्यंत वर केलं नाही.

दरीतून धुकं चढत होतं. उम्म रमझीच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तीन गाड्या चादरींखाली झाकून ठेवल्या होत्या. चार-पाच बायका भिंतीला टेकून उभ्या. रमझीचा धाकटा भाऊ कमाल कोपऱ्यात, हाताची घडी घालून.

"बघू या, छोटे मियाँ," कमाल म्हणाला. "माझी ओळखलीत तर तीही घेऊन टाका, हप्ते तेवढे भरा."

कुणी हसलं नाही. जवाद पहिल्या चादरीपुढून गेला, दुसरीपुढून गेला, आणि तिसरीवर त्यानं तळहात ठेवला, गाय थोपटावी तसा. कमालनं चादर ओढली. निळी गाडी. उजवी बाजू धड, डावी चपटी.

बायकांनी जिभा वळवून आनंदाचा स्वर काढला. त्या पत्र्याखाली तो असा घुमला की हनादीच्या अंगावर काटा आला. उम्म रमझी तिथेच जमिनीवर बसली आणि तिनं हात पसरले. "ये. ये माझ्या जिवा."

जवादनं हनादीचं बोट सोडलं.

तो चालत गेला, घाई न करता. त्या बाईच्या मांडीपाशी उभा राहिला आणि तिच्या ओढणीचं टोक त्यानं चिमटीत धरलं. हनादी दोन पावलांवर होती. बाकीच्या बायका अजून गलका करत होत्या. म्हणून ते दोघींनीच ऐकलं.

"तू रस्त्यात होतीस," तो म्हणाला. आवाज त्याचाच होता, बोबडा, पण बोलण्यात लहानपण नव्हतं. "हात हलवत होतीस. धुकं आलंय, थांब, म्हणत होतीस. मला पांढरं दिसलं. मग मी गाडी झाडाकडे नेली."

उम्म रमझीचे पसरलेले हात तसेच राहिले. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त असं उतरलं की ओढणी आणि चेहरा यांत फरक उरला नाही.  जवाद तिच्याकडे बघत होता. रागानं नाही. एखाद्यानं हरवलेली वस्तू परत करावी आणि समोरच्यानं ती घेण्याची वाट पाहावी, तसा.

"काय म्हणतोय?" कमालनं विचारलं.

बायका वाकून ऐकू लागल्या. उम्म रमझीनं चिमटीतून ओढणी सोडवली, एकेक बोट उलगडून, हळुवार. मग ती उठली.

"हा नव्हे," ती म्हणाली.

"आई! त्यानं गाडी ओळखली! कुणी सांगितलं नसताना..."

"मी आई आहे. मला कळतं. हा माझा नव्हे." आणि ती चादर घेऊन गाडी झाकायला लागली. टोक काही केल्या हातात येत नव्हतं.

हनादीला एवढंच तर हवं होतं. सबंध वाटभर तिनं हेच मागितलं होतं. एक शब्द ती बोलली असती, 'मी ऐकलंय' इतकाच, तर त्या म्हातारीला तिचा मुलगा मिळाला असता, आणि सगळ्या गावाला त्याच्या मरणाचं कारणही. तिनं जवादला उचललं, तोंड त्याच्या केसांत लपवलं आणि बाहेर धुक्यात आली.

"काय झालं?" नझीहनं दार उघडत विचारलं.

"नव्हे म्हणाल्या."

"सुटलो बुवा," तो म्हणाला, आणि मग तिच्याकडे बघून त्यानं गाडी सुरू केली.

जवाद तिच्या मांडीवर झोपला होता. पापण्या मिटलेल्या, गालाला तिच्या ओढणीची वीण उमटलेली. तिचा होता, पुरता तिचा. घर आलं, नझीह उतरला, दिवे लागले, तरी ती टॅक्सीतच बसून राहिली. त्याला हाक मारून उठवायचं होतं. कोण डोळे उघडेल या भीतीनं तिच्या तोंडून त्याचं नाव निघत नव्हतं.