जावाईबुवानं उघडलेलं कवाड

मी रागिणी. अमरावतीत बसून अकोल्याच्या गोवर्धन काकाजीच्या कोल्ड स्टोरेजची राखण करते. राखण, पण काठी घेऊन नाई. थंड खोल्याईचं तापमान, मालाची नोंद, सारं क्लाउडवर हाये. तिथं बाहेरच्या कोणाले येऊ द्याचं, कोणाले नाई, याचे नियम फायरवॉलमधी लिवले राह्यते. नियमाले कोणी हात लावला का माहा मोबाईल बोंबलते.

त्या दिवशी अकराच्या चहाचा पह्यला घोट घेतला अन् मोबाईल बोंबलला. पाह्यते तं काय, कोणीतरी नियम बदलून साऱ्या जगासाठी कवाड सताड उघडं केलं! बदलणाऱ्याचं नाव, रागिणी. मायबाई! मी तं चहा पिऊन राह्यली होती.

पह्यले ते कवाड लावलं. पण तेवढ्या पाच मिनिटात कुठकुठच्या देशातून शंभरेक वेळा कोणीतरी आत घुसाले पाह्यलं होतं. कोणी शिरलं नोतं, हे आमचं नशीब.

मंग नोंदी उकरल्या. बदल झाला तो काकाजीच्या घरच्या वायफायवरून. माहा पासवर्ड त्याईनंच 'मालकापाशी असावा' म्हणून मांगून घेतला होता. अशी भणकली मी, का तशीच बडनेऱ्याहून गाडी धरली अन् अकोला गाठलं.

घरात पाह्यते तं पुण्याचे जावाई नितेशराव ताटावर. सत्यवती काकू त्याईले रोडगे वाढून राह्यल्या होत्या.

"ते मीच केलं," नितेशराव खुशीत म्हणाले. "मामांना घरून कोल्ड स्टोरेजचं काही दिसतच नव्हतं. मी एका मिनिटात सगळ्यांसाठी खुलं करून दिलं."

वा रे हुशार! चाबी सापडली नाई म्हणून घराची भितच पाडली!

काकाजीनं मले ओसरीत नेलं. "रागिणी, जावाई वर्षातून एकदा येते. पासवर्ड मांगला, नाई कसं म्हणू? धंद्यातल्या भागीदाराईले याचा रिपोर्ट द्या लागते, त्यात तुह्या हातून चुकलं असं लिव. त्याईचा मान राहीन."

"अन् माहा? चार वर्ष झाले राखण करून राह्यली. उद्या मले कोण काम देईन? माहं नाव काय वावराच्या धुऱ्यावर पडलं हाये, का कोणीबी उचलावं?" राग असा आला का डोये भरून आले.

काकाजी खाली मान घालून उभे. तेवढ्यात नितेशराव हात धुवाले बाहेर आले. त्याईनं सारं आयकलं होतं.

"हो, तसंच लिहा ना," ते म्हणाले. "नाहीतरी लॉगिन हिचंच आहे. हिला काय फरक पडतो?"

काकाजीनं झटक्यात मान वर केली. "नितेशराव, हे बोलतानी मले निदान लाज तं वाटली. तुमाले तेवढी बी नाई?" मंग माह्याकडे वयले. "लिव. पासवर्ड गोवर्धननं देल्ला, बदल जावयानं केला. दोघाईचे नावं लिव."

मी तिथंच बसून रिपोर्ट लिवला अन् पासवर्ड बदलला.

"नवा काय ठेवला?" काकाजीनं सवयीनं इचारलं.

"तुमाले नाई सांगत."

आतून काकू म्हणाल्या, "मले बी नको सांगू, माय. संध्याकाळी पुण्याहून पोरीचा फोन येईन, नवऱ्यासाठी मांगन, अन् नाई म्हणाले मले बी जमत नाई."