पग सरांची सही

माणसाचं चारित्र्य त्याच्या हातच्या कामात उतरतं, असं माल्कम पग सर वर्गात गंभीरपणे सांगत. मात्र एखाद्याचं काम खरंच चांगलं उतरलं, की लगेच चौकशीला लागत.

वॉल्सॉलच्या आमच्या शाळेत शेवटच्या वर्षाच्या मुलांना ते एकोणतीस वर्षं प्रॉडक्ट डिझाइन शिकवत होते. मी त्यांचं वर्कशॉप सांभाळायचो, म्हणजे करवतींना धार आणि सरांना चहा. या विषयाचे निम्मे मार्क मुलांनी केलेल्या वस्तूला. ती स्वतःच केली आहे, अशी सही शिक्षकाने करायची. सही नाही तर मार्क नाहीत.

इमोजेन ट्रँटरने आजीसाठी किटली ठेवायची लाकडी घोडी केली होती. संधिवाताच्या हातांनी किटली उचलायला नको, जागच्या जागी कलती केली की कपात पाणी. कोपऱ्यांत डव्हटेलचे, म्हणजे लाकडाचे दात एकमेकांत बसवलेले सांधे, इतके घट्ट की सरांनी तीनदा नख घालून पाहिलं. नख शिरेना, तसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

विद्यापीठातली तिची जागा याच मार्कांवर लटकलेली. तरी सरांनी पेन खिशातच ठेवलं आणि माहिती काढली. आजोबा सुतार निघाले, शवपेट्यांच्या कारखान्यात चाळीस वर्षं काढलेले. "सापडला," सर मला म्हणाले.

सरांनी बोलावल्यावर आजोबा, सिरिल ट्रँटर, इस्त्रीचा शर्ट घालून आले. घोडी उचलली, चष्मा चढवला, खिडकीपाशी नेऊन उलटीसुलटी पाहिली. इमोजेन बाजूला उभी होती.

"हे मी केलंय म्हणता?"

"तसा संशय आहे."

"साहेब, इथं फट पडलीय आणि ती भुसा नि गोंद कालवून बुजवलीय. माझ्या पेटीतून चाळीस वर्षांत कुणी तक्रार केली नाही, म्हणून काय वाट्टेल ते माझ्या नावावर खपवायचं?"

इमोजेन कानापर्यंत लाल झाली. सरांनी भिंग आणून फट पाहिली. खरीच होती. एकोणतीस वर्षांत त्यांना एवढं समाधान क्वचितच मिळालं असेल. त्यांनी पेन काढलं.

तेव्हा पोरगीच म्हणाली, "सर, सांधे माझेच. पण प्रोजेक्टच्या वहीतली सुरुवातीची फसलेली चित्रं खोटी आहेत. वस्तू झाल्यावर काढली, ईस्टरच्या सुट्टीत. मग कागद चुरगळला, चहाचे डाग पाडले."

फसलेल्या कल्पनांना मार्क असतात. पहिल्याच फटक्यात जमलेलं परीक्षकाला पटत नाही. हे मुलांना सरांनीच शिकवलं होतं.

"डाग झकास पडलेत," सर म्हणाले, आणि सही केली.

आजोबा दारापर्यंत गेले, परत आले. फटीवरून एकदा अंगठा फिरवला आणि नातीला म्हणाले, "करवत ढिली धर गं. ती काही पळून जात नाही."

जूनमध्ये बोर्डाने वर्गातल्या सहा जणांचं काम नमुना म्हणून तपासायला मागवलं. त्यात इमोजेनचं नव्हतं.